मकबऱ्यातून हिमायत बागेत

अजिंठा-वेरूळच्या सहलीत बीबी का मकबऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धा-पाऊण तास येतो. वेरूळहून परतणारी बस दारात थांबते, माणसं उतरतात, घुमट पाठीशी घेऊन फोटो काढतात, चौथऱ्यावर चढून वरून कबरीकडे डोकावतात आणि ‘ताजमहालासारखाच आहे, पण लहान’ असं म्हणत परत निघतात. ‘दख्खनचा ताज’ हे बिरुद मकबऱ्याला कौतुकानं लावलेलं असलं तरी त्या तुलनेत एक मोठी गोष्ट पाहायची राहून जाते, ती म्हणजे बाग. ही इमारत ज्या आवाराच्या मध्यभागी उभी आहे ते दक्षिणोत्तर सुमारे 458 मीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे 275 मीटर आहे. म्हणजे छत्रपती संभाजीनगरात आलेला पाहुणा घुमट बघतो तेव्हा तो एकतीस एकरांच्या बागेत उभा असतो. ही बाग नीट पाहायची असेल तर एक सकाळ तिच्यासाठी राखून ठेवावी आणि ती सकाळ मकबऱ्याच्या कुंपणाशी संपवू नये.

सुरुवात दारापासूनच करावी. दक्षिणेचा मुख्य दरवाजा लाकडी असून त्यावर पितळेचा पत्रा मढवलेला आहे. पत्र्यावर पानाफुलांची उठावदार नक्षी आहे आणि उजेड तिरका पडला की एकेक पाकळी सुटी दिसते. याच दरवाजावरच्या लेखात दोन नावं येतात, स्थपती अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय. अताउल्ला हा ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. बापाचं काम आग्र्यात यमुनेकाठी, मुलाचं इथे खाम नदीच्या परिसरात. लेखातलं वर्ष 1661 च्या आसपासचं आहे.

या तारखेकडे लक्ष दिलं तर नेहमी सांगितली जाणारी गोष्ट थोडी डळमळते. मकबरा औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं आईच्या आठवणीसाठी बांधला, असं गाइड सांगतात. पण आझमशहाचा जन्म 1653 चा. त्याची आई दिलरस बानू बेगम, जिला मृत्यूनंतर राबिया-उद-दौरानी म्हटलं गेलं, ती 1657 मध्ये वारली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि दरवाजावर लेख आला तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा. एवढ्या वयाच्या मुलानं कारागीर बोलावले नसणार. हुकूम औरंगजेबाचाच असणार. बांधकामाचा काळ 1651 ते 1661 असाही बऱ्याच ठिकाणी छापलेला आढळतो. बेगम हयात असताना, तिच्या मृत्यूच्या सहा वर्षं आधी तिची समाधी सुरू झाली असेल हे पटण्यासारखं नाही. दरवाजावरची तारीख मात्र डोळ्यांसमोर आहे, म्हणून तिच्यावर भरवसा ठेवावा.

खर्चाचा आकडा तर आण्यापर्यंत नोंदलेला सापडतो: 6,68,203 रुपये 7 आणे. संगमरवर उत्तरेतून गाड्यांवर आला. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणाऱ्या ताव्हेर्निए या फ्रेंच प्रवाशाला वाटेत संगमरवर वाहणाऱ्या तीनशेहून अधिक गाड्या भेटल्या आणि त्यातल्या सर्वांत लहान गाडीला बारा बैल जुंपलेले होते, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. तरीही सगळी इमारत संगमरवरात झाली नाही. खाली भिंतीच्या कंबरपट्ट्यापर्यंत संगमरवर, वर घुमट संगमरवराचा आणि मधला भाग इथल्याच काळ्या बेसाल्ट दगडाचा, त्यावर चुन्याचा गुळगुळीत गिलावा. या गिलाव्यावरचं काम हा मकबऱ्याचा खरा गौरव आहे. ताजच्या दगडात रत्नं जडवली गेली. इथल्या गवंड्यांनी नुसत्या चुन्यातून वेली आणि फुलं उठवली. जवळ जाऊन पाहिलं नाही तर ती दिसत नाहीत.

आता बाग. दारातून आत आलं की आधी एक अष्टकोनी कुंड लागतं. तिथून समाधीच्या चौथऱ्यापर्यंत सरळ वाट जाते. वाटेच्या कडेनं ठेंगण्या जाळीदार भिंती आणि मधोमध पाण्याची जागा, त्यात ओळीनं कारंजी. आग्र्याचा ताज बागेच्या एका टोकाला, नदीच्या अंगाला बसवलेला आहे. इथे समाधी बागेच्या मध्यावर आहे आणि कुंपणभिंतीच्या मध्यभागी बारादऱ्या आहेत. दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्याचीही मांडणी अशीच, इमारत मधोमध आणि चहूकडे बाग. याला चारबाग म्हणतात. जमिनीचे चार मोठे चौक पाडायचे, त्यांच्या मधून पाणी खेळवायचं आणि पाण्याच्या कडेनं चालायच्या वाटा करायच्या, ही पद्धत इराणातून आली. युनेस्कोनं 2011 मध्ये इराणमधल्या निवडक पर्शियन बागांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं, त्या बागांचा हा दूरचा पण सख्खा नातेवाईक आहे.

चारबागेत वाटा उंच ठेवत आणि वाफे खोलगट. त्याची दोन कारणं होती. वाटेच्या कडेच्या पाटातलं पाणी उतारानं आपोआप वाफ्यात उतरे; आणि वाफ्यातली झाडं मोठी झाली की वाटेवरून चालणाऱ्याच्या हाताशी त्यांच्या फांद्या येत, फुलं-फळं डोळ्यांच्या पातळीवर असत. मुघलांच्या समाधीबागांत फळझाडं मुद्दाम लावली जात आणि त्या फळांच्या उत्पन्नातून बागेची निगा चाले. आज मकबऱ्यात फिरणाऱ्याला दिसते ती मुख्यतः हिरवळ, नीट कापलेली, वर मोजकी झाडं. ही कापलेल्या हिरवळीची आवड इंग्रजी अमदानीतली. ताजमहालाच्या आवारातही एकेकाळी दाट झाडी होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झनच्या काळात तिथे मोकळी हिरवळ आली आणि देशभरातल्या जुन्या बागांना तोच नमुना मिळाला. त्यामुळे घुमट लांबून छान दिसू लागला हे खरं, पण सावली गेली आणि फळंही गेली. मे महिन्यात दुपारी मकबऱ्याच्या मधल्या वाटेवरून चालून पाहावं, म्हणजे किती गेलं ते कळतं.

बाग म्हटली की पाणी आलं. आणि दख्खनच्या या खडकाळ भागात ते आणणं हेच सगळ्यांत अवघड काम होतं. मुघल घराण्याचा संस्थापक बाबर यानं हिंदुस्थानात आल्यावर बागांमधून वाहणारं पाणी इथे नाही, अशी तक्रार आपल्या आत्मचरित्रात केली आहे. त्याच्यापुढे निदान यमुना तरी होती. इथे होती ती खाम, पावसाळ्यात दोन दिवस फुगणारी आणि पुढे आटणारी. या गावाचं मूळ नावच खडकी. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं 1610 मध्ये इथे राजधानी वसवली. पुढे त्याचा मुलगा फतेहखान यानं तिला फतेहनगर केलं, औरंगजेबानं 1653 मध्ये औरंगाबाद केलं आणि 2023 मध्ये शहर आणि जिल्हा छत्रपती संभाजीनगर झाले. नावं बदलली, पण शहराला वाढू दिलं ते मलिक अंबरच्या एका कामानं. आफ्रिकेतल्या इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दख्खनमध्ये सेनापती-वजीर झालेला हा माणूस पाण्याच्या बाबतीत दूरदृष्टीचा होता. त्यानं 1617 च्या सुमारास उत्तरेकडच्या डोंगरपायथ्याशी मुरणारं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. हीच नहर-ए-अंबरी.

नहर म्हणजे उघडा कालवा नव्हे. डोंगराच्या कुशीत झिरपणारं भूजल जमिनीखालच्या बांधीव मार्गात गोळा करायचं आणि नुसत्या उतारावर, कसलंही यंत्र न लावता, चुनेगच्ची नाल्यांतून आणि खापरी नळांतून शहरात सोडायचं. मध्ये मध्ये उंच मनोरे बांधायचे. त्यांतून कोंडलेली हवा निघून जाते आणि पाण्याचा दाब सांभाळला जातो. पाणी झाकलेलं असल्यामुळे उन्हानं उडत नाही आणि घाणही होत नाही. इराणातल्या कनातींचं आणि मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचं तत्त्व हेच. मलिक अंबरनंतर मुघल काळात इथे आणखी नहरी झाल्या आणि त्यांच्या जोरावर शहरात हौद, हमामखाने आणि बागा उभ्या राहिल्या.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर मकबऱ्यातून निघून दक्षिणेला पाणचक्कीवर जावं. अंतर फार नाही. खामच्या काठी, महमूद दरवाजाला लागून ही जागा आहे. बुखाऱ्याजवळच्या गिझदुवानहून आलेले सूफी बाबा शाह मुसाफिर यांचा हा दर्गा आणि तकिया. इथे यात्रेकरू, विद्यार्थी, फकीर राहत, त्यांच्यासाठी रोज पीठ लागे. ते दळायला पाण्यावर चालणारी चक्की बसवली गेली, म्हणून पाणचक्की. हर्सूलच्या बाजूच्या डोंगरातून येणारी नहर इथे एका उंच भिंतीत चढते आणि वरून पडद्यासारखी खालच्या लांबट हौदात कोसळते. पाणी खालून वर कसं चढतं, हा प्रश्न प्रत्येक सहलीतलं एखादं मूल विचारतंच. उत्तर सोपं आहे. नहरीचा उगम या भिंतीच्या माथ्यापेक्षाही उंचावर आहे, नळ बंद आहे, त्यामुळे पाणी आपली पातळी गाठायला धावतं.

पुढे त्याच पाण्याचा एक झोत खालच्या पात्यांच्या आडव्या चाकावर पडतो, चाकाचा दांडा वरच्या जात्याची तळी फिरवतो आणि दाणे भरडले जातात. आता ती चक्की दाखवण्यापुरती फिरते, पण यंत्रणा नजरेसमोर उलगडते. हौदाखालची खोली मात्र चुकवू नये. हौदाचा तळ हेच तिचं छत. जाडजूड खांबांवर तेवढं पाणी तोललेलं आहे आणि त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही आत गारवा असतो. आवारात एक प्रचंड वड आहे. तो सहाशे वर्षांचा असल्याचं सांगतात. वय काहीही असो, पारंब्यांचा घेर बघितला की त्याच्या सावलीत बसावंसं वाटतंच. कोणत्याही दिवशी तिथे कुटुंबं डबे उघडून बसलेली असतात.

उन्हाळ्यात पाणचक्कीच्या पडद्याचा जोर ओसरतो. डोंगरात मुरणारं पाणी कमी झालं आणि नहरींच्या मार्गावर घरं उठली. शहर आता पैठणच्या जायकवाडी धरणावर जगतं. नाथसागराचं पाणी पंपांनी चढवून शहरात आणावं लागतं, कारण शहर धरणापेक्षा उंचावर आहे, आणि कित्येक वस्त्यांत नळाला ते अनेक दिवसांआड येतं. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसांनी पाणी चढवण्याऐवजी उतरवलं होतं. लाखोंच्या आजच्या शहराची तहान नहरींनी भागणार नाही, हे उघड आहे. पण ज्या नहरी अजून पाझरतात त्या साफ ठेवल्या, त्यांच्यावर बांधकामं होऊ दिली नाहीत, तर निदान जुन्या बागांना तरी टँकर लागणार नाहीत. एवढी काळजी हे शहर नक्की घेऊ शकतं.

पाणचक्कीहून जुन्या शहराच्या उत्तर अंगानं दिल्ली दरवाजा गाठावा. वाटेत मकाई दरवाजा आणि खामवरचा जुना पूल लागतो. दिल्ली दरवाजातून बाहेर पडलं की सलीम अली सरोवर दिसतं. मुघल काळात हा खिजरी तलाव होता. पुढे त्याला पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचं नाव मिळालं. ते नाव इथे नुसतं मानाखातर दिलेलं वाटत नाही. हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि 1930 च्या दशकाच्या आरंभी सलीम अलींनी त्याच संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं होतं. हिवाळ्यात तलावावर स्थलांतरित पक्षी उतरतात तेव्हा काठावर दुर्बिणी घेतलेली मंडळी पहाटेच हजर असतात.

तलावाच्या समोर हिमायत बाग.

मकबऱ्याच्या हिरवळीवरून इथे आलेल्या माणसाला पहिल्यांदा जाणवते ती सावली. सतराव्या शतकातली ही मुघल बाग सुमारे 300 एकरांवर पसरलेली आहे. आत शिरल्यावर शहराचा आवाज हळूहळू मागे पडतो, आंब्यांच्या आणि चिंचांच्या दाट ओळी सुरू होतात, पोपटांचा कलकलाट ऐकू येतो. सकाळी फिरायला येणारी माणसं इथे आहेत. कानटोपी घातलेले निवृत्त शिक्षक, बुरख्यातल्या आणि नऊवारीतल्या बायका, पळण्याचा सराव करणारी पोलीस भरतीची मुलं एकाच वाटेनं जातात. तिकीटखिडकी, रोषणाई, खेळणी यांच्यासाठी इथे कुणी येत नाही. ज्याला ते हवं त्याच्यासाठी मध्यवर्ती बसस्थानकाजवळचं महापालिकेचं सिद्धार्थ उद्यान आहे. प्राणिसंग्रहालयातले पांढरे वाघ पाहायला मराठवाड्यातल्या गावोगावची मुलं तिथे येतात आणि त्यांचा दिवस सार्थकी लागतो. हिमायत बागेचं काम वेगळं आहे.

इथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आणि रोपवाटिका आहे. परभणीचं हे विद्यापीठ 1972 मध्ये स्थापन झालं. मुघलांची फळबाग शेतकऱ्यांच्या विद्यापीठाकडे गेली आणि म्हणूनच ती फळबाग राहिली. चारबागेतून जे हरवलं ते इथे शाबूत आहे. झाडाला फळ धरतं, त्याची प्रत तपासली जाते, चांगल्या झाडापासून रोपं होतात आणि ती मराठवाड्यातल्या शेतांत जातात. चिंचेचंच उदाहरण घ्या. बांधावर आपोआप उगवणारं हे झाड. त्यावर संशोधन करावं असं फार कुणाला वाटलं नाही. इथल्या केंद्रानं निवड पद्धतीनं चिंचेचं एक चांगलं वाण दिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘प्रतिष्ठान’, सातवाहनांच्या राजधानीचं, म्हणजे आपल्या पैठणचं जुनं नाव.

आंब्याचं कलम बांधताना पाहायचं असेल तर पावसाळ्यात यावं. केशर आंब्याची कोय लावली तर झाड येतं, पण फळ केशरचं येईलच असं नाही. म्हणून गावरान आंब्याची कोय काळ्या पिशवीत रुजवतात. हे रोप म्हणजे खुंट. खुंटाचा कोवळा शेंडा छाटून मधोमध चाकूनं उभी खाच घेतात. चांगल्या केशर झाडाची पेन्सिलीएवढी काडी आणतात. तिची पानं आठ-दहा दिवस आधीच देठ ठेवून काढलेली असतात, म्हणजे डोळा फुगून तयार असतो. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तिरके काप देऊन पाचरीसारखं टोक करतात, ते खाचेत बसवतात आणि साल सालीला भिडली की प्लास्टिकच्या पट्टीनं घट्ट आवळतात. वर छोटी पिशवी उलटी घालतात, म्हणजे आत ओलावा टिकतो. याला मृदुकाष्ठ कलम म्हणतात. सरावलेल्या हाताला एका कलमाला मिनिट-दोन मिनिटं पुरतात. दोन-तीन आठवड्यांत तांबूस फूट दिसली की कलम साधलं. जोडाखालून येणारी फूट मात्र खुडत राहावी लागते, नाहीतर खुंट जोर धरतो आणि काडी मागे पडते.

केशर मूळचा गुजरातेतल्या जुनागढचा. 1934 मध्ये तिथल्या नवाबानं त्याला हे नाव दिलं असं सांगतात. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत आणि काळ्या-मुरमाड जमिनीत तो असा रुळला की 2016 मध्ये ‘मराठवाडा केशर’ला भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळाच्या बातम्यांतून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशासाठी हे लहान यश नाही. कापूस-सोयाबीन हातचं गेलं तरी बांधावरची आंब्याची झाडं उभी असतात, त्यामागे अशा केंद्रांनी वर्षानुवर्षं केलेलं काम आहे.

तीनशे एकर सलग झाडी शहराच्या पोटात असणं ही आजच्या घडीला फार मोठी गोष्ट आहे आणि तिच्यावर डोळा असणारेही कमी नाहीत. चहूकडे वस्ती दाटली आहे, रस्ते रुंद होताहेत. या बागेला जैवविविधतेचा वारसा म्हणून संरक्षण मिळावं, अशी मागणी शहरातले पर्यावरणप्रेमी करत आले आहेत. ती मान्य व्हायलाच हवी. मकबऱ्याला पुरातत्त्व खात्याचं संरक्षण आहे, कारण त्याचा घुमट लांबून दिसतो. हिमायत बागेला घुमट नाही. पण मकबऱ्याच्या वाफ्यांत एकेकाळी जे होतं ते पाहायला मिळतं ते इथेच, आणि म्हणून या दोन जागा एकाच सहलीत, याच क्रमानं दाखवल्या जाव्यात. शाळांच्या सहली मकबऱ्यावरून सरळ मॉलकडे वळतात, त्या आधी इथे वळवल्या तर मुलांना चारबाग एका दिवसात समजेल.

ज्यांच्या हाताशी आणखी अर्धा दिवस आहे त्यांनी खुलताबादला जाऊन बनी बेगम बागही पाहावी. औरंगजेबाच्या एका मुलाच्या बेगमेची ही समाधी, तीही चारबागेतच, आणि तिथे गर्दी अगदी तुरळक असते.

रोपं घ्यायची असतील तर मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर हिमायत बागेत जावं. तेव्हा कलमं लावायला वेळही योग्य असते. कलम निवडताना उंचीपेक्षा जोड पाहावा. जोड भरून आलेला आणि सरळ असावा, खुंट-काडी सारख्या जाडीची असावीत. केशरची जुनी लागवड दहा-दहा मीटरवर असे, आता बरेच शेतकरी पाच-पाच मीटरवर लावतात. खड्डा मीटरभर लांब, रुंद, खोल घ्यावा, शेणखत आणि पोयट्याची माती भरावी आणि कलमाचा जोड मातीच्या वर राहील अशा बेतानं रोप बसवावं. पट्टी सोडवायला विसरू नये. ती तशीच राहिली तर खोड वाढताना तिथेच काचतं.